शिस्टरची सायकल

माझी आई कुठंही झोपू शकायची. एस.टी.च्या दांड्याला धरून उभ्यानं, लसीकरणाच्या दिवशी शाळेच्या लोखंडी खुर्चीवर ताठ बसून, आणि रेल्वेचं फाटक बंद असलं तर सायकलच्या हँडलवर कपाळ टेकवून. दारव्ह्याच्या फाटकावर मी हे स्वतः पाहिलंय. छोटी गाडी डुलत डुलत यायची, निघून जायची, फाटक उघडायचं आणि मागचा बैलगाडीवाला हाक मारायचा, "ओ शिस्टर, उठा, फाटक उघडलं." आई डोळे उघडायची, पदर खोचायची आणि पॅडल मारायची. तेवढी झोप तिला पुढच्या दोन गावांना पुरायची.

ती एएनएम होती, म्हणजे उपकेंद्राची नर्स. आम्ही बोरी अरबला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो आणि आसपासची पाच-सहा गावं तिच्याकडे होती. तिला तिच्या नावानं हाक मारणारी माणसं फार थोडी होती, त्यातले एक माझे बाबा. ते राजूरला कोळशाच्या खाणीत नोकरीला होते, सुटी मिळाली की यायचे. बाकी सगळ्यांची ती शिस्टर. गर्दीत मीही "शिस्टर!" अशीच हाक मारायचे, कारण "आई" म्हटलं तर ती वळायची नाही.

सायकल तिला तिच्या वडिलांनी शिकवली. माझ्या आजोबांनी नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेतली होती आणि परत येताना मनाशी ठरवून आले होते की पोरीला शिकवायचं. शिकवायचं म्हणजे शाळा, आणि शाळा लांब, म्हणून सायकल. सायकलवर बसलेली मुलगी बघायला तेव्हा लोक घराबाहेर यायचे म्हणे. नर्स झाल्यावरही ते सुटलं नाही, फक्त लोक आता वेगळ्या कारणानं बाहेर यायचे. कुणाच्या दारात शिस्टरची सायकल उभी दिसली की शेजारच्या बाया विचारायच्या, "काय झालं वो, पोरगी का पोरगा?" मागच्या कॅरिअरला लसींचा निळा डबा, पुढं हँडलला पिशवी, अंगावर पांढरी साडी. पोरं सायकलमागं धावायची आणि डबा ओळखला की उलट्या दिशेनं पळायची.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. त्या वर्षांबद्दल पेपरात पुष्कळ छापून आलं, दिल्लीहून माणसं येऊन फोटो काढून गेली. मी आमच्या घरातलं सांगते. आमच्या घरात ती वर्षं म्हणजे वेळी-अवेळी वाजणारी कडी. कुणीतरी फवारणीचं औषध घेतलेलं असायचं. डॉक्टर लांब, शिस्टर जवळ. आई जीप मिळवायची, माणसाचं डोकं मांडीवर घेऊन यवतमाळला जायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याच साडीत परत यायची. कधी माणूस वाचलेला असायचा. बऱ्याचदा नसायचा. मोरीत बसून साडी धुवायची, आणि तिच्या धुण्याच्या आवाजावरून मला कळायचं.

आणि ती तिथं थांबायची नाही. माणूस गेला की त्या घरी ती रोज जायची. बाई जेवली का, पोरं शाळेत गेली का, म्हातारीच्या गोळ्या आहेत का. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिच्या कामात ते बसतही नव्हतं. त्यामुळे झालं असं की सायकल सगळ्यात जास्त वेळ ज्या दारांत उभी असायची, ती दारं अशीच होती.

त्यातल्याच एका वर्षी माझी दहावी होती. अभ्यासाची सुटी लागली होती, तर एका दुपारी मी तिच्या मदतीला म्हणून बरोबर गेले होते. विमल नावाच्या एका बाईला लोहाच्या गोळ्या द्यायच्या होत्या. विमलची दोन्ही बाळंतपणं आईनंच केलेली. नवरा धडधाकट, शेतावर गेलेला. आईनं सायकल दाराशी लावली तशी विमल आतून जवळजवळ धावतच आली.

"शिस्टरबाई, रागाऊ नका," ती हळू आवाजात म्हणाली, "पन सायकल आमच्या दारात नका लावू वो. तिकडं लिंबाखाली लावा."

"काहून?"

"माही सासू लय भेते. ते म्हंते, हे सायकल ज्याच्या दारात उभी राह्यते..."

आईनं सायकल उचलली आणि लिंबाखाली नेऊन लावली. परत आली, गोळ्या दिल्या, कशा घ्यायच्या ते नेहमीसारखं दोनदा सांगितलं. घरी आल्यावर तिनं सायकल अंगणात आडवी पाडली आणि बादलीभर पाण्यानं, चिंध्या घेऊन, स्पोकन् स्पोक घासून धुतली. त्यानंतर तिची झोप गेली. जी बाई फाटकावर झोपायची, ती अंथरुणावर उघड्या डोळ्यांनी पडून राहायला लागली. सकाळी डोळ्यांखाली काळं. एकदा सुई टोचताना तिचा हात हलला आणि लेकराऐवजी तिच्याच बोटाला लागली.

बाबा सुटीवर आले तेव्हा ती चुलीपाशी बसून म्हणाली, "मी सुटी टाकून राह्यली. पोरीची परीक्षा झाली की आम्ही दोघी कोकनात जातो."

"जाय ना. बरं हाय. गाडीचं पाहतो मी."

"गाडीनं नाही. सायकलनं."

बाबांनी ताट खाली ठेवलं. "कोकनात सायकलनं? तुले याड लागलं काय? एप्रिलचं ऊन पाह्यलं काय?"

"हे सायकल मले एकदा अशा जागी न्यायची हाय," आई म्हणाली, "जथी तिले कोनी वयखत नाही."

बाबा उठून माझ्या सायकलचे ब्रेक तपासायला अंगणात गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही सायकलींना नवे टायर टाकून आणले.

कोकण सुचलं ते नलूमावशीमुळे. आई आणि ती नर्सिंगला एकत्र होत्या. नलूमावशी समुद्रकाठच्या एका गावची, आता तिथंच नोकरीला. फोनवर ती सांगायची की त्यांच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालून जातात आणि गावकरी ती राखतात. आईनं हे कितीदा ऐकलं असेल, पण कधी काही विचारलं नव्हतं. आता तिनं विचारलं, "पिल्लं कवा निंगतात?"

"एप्रिलपर्यंत निघतात की. ये तू," नलूमावशी म्हणाली.

दारव्ह्याहून छोट्या गाडीनं मूर्तिजापूर, तिथून मोठ्या गाडीच्या लगेजच्या डब्यात सायकली टाकून कल्याण. तिथून पुढं सगळं सायकलवर. आईनं आयुष्यात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घातला होता आणि दर थोड्या वेळानं तिचा हात नसलेला पदर खोचायला जायचा. पनवेल, पेण, अलिबाग. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात. हवा अशी चिकट की घाम वाळतच नव्हता. आमच्याकडचं ऊन भाजतं, तिथलं उकडतं. चढ आला की आई मुकाट उतरून सायकल ढकलत चालायची आणि उतारावरही ब्रेक दाबूनच यायची. मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा ओरडले. तिनं एक पाय जमिनीवर टेकवून पाहिलं आणि म्हणाली, "लय पानी हाय." आणि पुढं निघाली.

मुरूडच्या अलीकडं रस्ता जंगलातून जातो. तिथं एका झाडावर मी शेकरू पाहिलं, मांजराएवढी तांबूस खार, शेपूट लांब सोडून फांदीवर पालथी पडलेली. वरून धनेश गेला, त्याच्या पंखांचा आवाज वाफेच्या इंजिनासारखा. मी आईला एकेक दाखवत होते. ती मान हलवायची, पण तिची नजर झाडावर पोचायच्या आत परत रस्त्यावर यायची. मला वाटायला लागलं होतं, हिला घरीच राहू द्यायला हवं होतं. दिघीच्या बाजूला जाणाऱ्या होडीत आमच्या सायकली आडव्या टाकल्या. मधोमध दोन डॉल्फिन वर आले, पुन्हा वर आले. होडीतली सगळी माणसं एका बाजूला झुकली. आई मात्र सायकलींवर हात ठेवून दुसऱ्या बाजूला बसून राहिली. होडी कलू नये म्हणून, असं ती नंतर म्हणाली.

श्रीवर्धनच्या रस्त्यावर एका टपरीवर चहाला थांबलो. चहावाला म्हातारा, प्रेमळ. सायकली बघून त्यानं विचारलं, "कुठून आलात गो बाय, इतक्या लांबून?"

"यवतमाळ," मी सांगितलं.

त्याचा चेहरा पडला. "अरेरे. यवतमाळ म्हणजे ते... शेतकरी... वाचतो ना आम्ही पेपरात. रोज वाचतो." त्यानं आमच्या ग्लासात आणखी चहा ओतला आणि आईकडे असं बघितलं, जणू तिच्याच घरात कुणी गेलंय.

आईनं तो चहा संपवला. बाहेर आल्यावर सायकलला टेकून उभी राहिली. "इथंही वयखतात," ती म्हणाली. त्यापुढं कुणी विचारलं की ती सांगायची, "नागपूरकडचे." हरिहरेश्वरला एका बाईनं विचारलं तेव्हाही तिनं तेच सांगितलं, आणि संत्री कशी असतात यावर त्या बाईशी थोडा वेळ बोलली. आमच्या अंगणात कधी संत्र्याचं झाड नव्हतं.

खाडी ओलांडून नलूमावशीच्या गावात पोचलो तेव्हा दुपार टळली होती. मावशीनं दारातच आईला मिठी मारली आणि मग हातभर लांब धरून तिच्याकडे पाहिलं. "काय करून घेतलंस गं हे?" ती म्हणाली. आई पडवीतल्या झोपाळ्यावर बसली. मावशी आत कोकमाचं सरबत करायला गेली. मी सायकली भिंतीला लावून आले, तर आई झोपली होती. बसल्या बसल्या, साखळीला डोकं टेकून. मावशी सरबत घेऊन आली आणि दारातच थांबली. आम्ही दोघी खालच्या पायरीवर बसलो आणि मावशीनं ते सरबत मलाच दिलं. आई दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत झोपली. मध्ये आम्ही दोघींनी धरून तिला चटईवर आणलं, तेही तिला कळलं नाही.

किनाऱ्यावर वाळूत एक जाळीचं कुंपण होतं. कासवानं अंडी घातली की गावकरी ती या कुंपणात आणून पुन्हा खड्ड्यात पुरायचे आणि वर वेताची टोपली पालथी घालायचे. रोज सकाळ-संध्याकाळ टोपल्या उचलून बघायच्या. राखणीला आबा नावाचे एक गृहस्थ होते, पूर्वी मासेमारीला जाणारे, आता पाय अधू झालेला. पहिल्या सकाळी त्यांनी टोपल्या उचलल्या. काही नाही. संध्याकाळी काही नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पलीकडच्या सुरूच्या झाडावर समुद्री गरुडाचं घरटं होतं, त्याचं ओरडणं तेवढं ऐकू यायचं. मी कंटाळले. आईला कंटाळा आलेला दिसला नाही. ती वाळूत पाय पसरून बसायची आणि पाण्याकडं बघायची.

मग एका सकाळी आबांनी टोपली उचलली आणि खाली वाळू हलत होती. तळहाताएवढीही नसलेली काळी पिल्लं एकमेकांच्या अंगावरून चढत होती. आबांनी ती टोपलीत घेतली, पाण्यापासून काही अंतरावर नेऊन वाळूवर सोडली, आणि मागे येऊन उभे राहिले. पिल्लं निघाली. बाकीची पुढं गेली, एक मागं राहिलं. ते दोन पावलं जायचं आणि थांबायचं. एका पावलाच्या ठशात पडलं आणि उलटं झालं. आई एकदम पुढं झाली, हात लांब केलेला.

"हात नको लावू गो बाय," आबा म्हणाले.

"मरून राह्यलं ते!"

"त्याचं त्याला चालू दे. चालल्याशिवाय त्याला समुद्र नाय कळत."

आई वळली. तिचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "मंग तुमी इथं कायले बसले? हात लावाचा नाही, उचलाचं नाही, मंग रोज कायले येता इथं?"

आबा अजिबात रागावले नाहीत. त्यांनी हातातली काठी वर करून दाखवली. "कुत्री येतात ना," ते म्हणाले. "कुत्री हाकलायला."

आई तशीच उभी राहिली. पिल्लू पाय झाडत होतं. एकदा सुलटं झालं, पुन्हा थांबलं. लाट आली ती त्याच्यापर्यंत पोचली नाही. "यातली जगतात किती?" आईनं विचारलं.

"हजारात एखादं, असं म्हणतात," आबा म्हणाले. "मी काय मोजायला गेलो नाय."

पुढची लाट आली आणि पिल्लाला घेऊन गेली. आई वाळूत बसली आणि रडायला लागली. हुंदके देऊन, तोंड न झाकता. मी जवळ जायला लागले तर नलूमावशीनं माझा दंड धरला. आबांनी काठी टेकली आणि पाण्याकडं तोंड करून उभे राहिले. थोड्या वेळानं आई उठली, ड्रेसची वाळू झटकली आणि आबांना म्हणाली, "मी यवतमाळची हाय. नर्स हाय तथी."

"लांबून आलीस," आबा म्हणाले. एवढंच.

पुढं आम्ही केळशी, आंजर्ले, हर्णै करत रत्नागिरीपर्यंत गेलो. आई काही एकदम बदलली वगैरे नाही. दमलेलीच होती. पण रोज झोपत होती, आणि उतारावर ब्रेक सोडून यायला लागली होती. आंजर्ल्याच्या उतारावर ती माझ्या पुढं गेली आणि खाली माझी वाट बघत उभी राहिली तेव्हा तिचे केस सगळे सुटलेले होते.

परत आल्यावर कामाच्या पहिल्याच दिवशी ती विमलच्या घरी गेली. मी सोबत होते. तिनं सायकल सरळ दारात लावली. विमल बाहेर आली, तिच्या चेहऱ्यावर भीती.

"शिस्टरबाई, मी म्हटलंतं ना..."

"म्हटलंतं. आता आयक," आई म्हणाली. "आजपासून रोज लावतो. तुया दारात, तुया शेजारनीच्या दारात, सरपंचाच्या दारात. काम असो नसो. रोज एका गल्लीत. मंग पाहू कोनाची सासू कोनकोनत्या दाराले भेते ते."

आणि तिनं तसं केलं. ऊन, पाऊस, दिवाळी. ज्या दारात काही काम नाही तिथंही सायकल लावायची, आत डोकवायचं, "बरे हाय ना?" विचारायचं आणि निघायचं. तिच्या वरिष्ठांना हे वेड वाटायचं. बाबांनाही वाटायचं, पण ते टायर बदलून द्यायचे. पुढच्या हिवाळ्यात एकदा ती विमलकडून निघायला बाहेर आली तर सायकलवर विमलच्या सासूचं ओलं लुगडं वाळत घातलेलं होतं. हँडलपासून कॅरिअरपर्यंत. आई ते वाळेपर्यंत ओट्यावर बसून राहिली.

मरणं थांबली नाहीत. हे सांगायला हवं, नाहीतर खोटं होईल. कडी वाजायची ती वाजतच राहिली. पण आता कधीकधी कुणीतरी आधीच बोलायचं. एका घरातली सून, सायकल दारात दिसली म्हणून बाहेर आली आणि आईला बाजूला घेऊन नवऱ्याबद्दल म्हणाली, "शिस्टर, ते दोन दिसापासून जेवले नाही. कोनाशी बोलत नाही." आई त्या माणसापाशी संध्याकाळपर्यंत बसली. समजावलं नाही, उपदेश केला नाही. घरातली औषधाची बाटली तेवढी पिशवीत टाकली, आणि दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन यवतमाळच्या दवाखान्यात गेली, नंतरही जात राहिली. तो माणूस आजही आहे. त्याच्या मुलीच्या लग्नाला आम्ही गेलो होतो.

मी एकदा तिला विचारलं होतं की बोललीस काय त्याच्याशी. ती म्हणाली, "काही नाही वं. कुत्रे हाकलत बसली."

ती निवृत्त झाली तेव्हा गावातल्या बायांनी उपकेंद्रासमोर मांडव घातला. साड्या, नारळ, भाषणं. शेवटी तिला बोलायला सांगितलं. ती माईकजवळ गेली, माईक नीट करायची तिला सवय नव्हती, तो खरखरला. "मी लय लोकाईले वाचवू नाही शकली," ती म्हणाली. "जे वाचले ते त्याईचे त्याईनं वाचले. मी येत जात राह्यली, इतकंच. आता मले घरी जाऊ द्या." आणि खाली बसली. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणाला कळेना.

त्यानंतर ती आणि बाबा बाभुळगावला माझ्याजवळ राहायला आले. मी तिथं शाळेत शिकवते. तिचे गुडघे गेले होते, पुढं किडन्या गेल्या. नर्सचं आजारपण म्हणजे घरच्यांची परीक्षा असते, कारण तिला सगळं आधीच माहीत असतं. शेवटच्या दिवसांत मी तिच्याभोवती सारखी काहीतरी करत असायचे. उशी बदल, गोळ्या बघ, पाय चेप, डॉक्टरांना फोन कर. एका दुपारी तिनं माझं मनगट धरलं. पकड अजून नर्सची होती.

"लय झालं," ती म्हणाली. "आता काही करू नोको."

"मग काय करू?"

"बस."

मी खाटेच्या कडेला बसले. बाबा पलीकडच्या खुर्चीवर होते. बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला, शेजारच्या नळाला पाणी आलं, बायांची भांडी वाजायला लागली. आईनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा बाबांकडं. मला पुन्हा पुन्हा उठावंसं वाटत होतं. मी उठले नाही. ऊन भिंतीवरून खाली उतरलं, तिच्या पायांवर आलं, आणि मी तिचा हात धरून बसून राहिले.